अर्ध्या श्वासाची खूण

रेडिओच्या तळघरात जुन्या ध्वनिफितींचं एक दालन होतं आणि तिथे एकतीस वर्षं एक गृहस्थ बसत. त्यांना सगळे कानसेन म्हणत. नाव थट्टेत पडलं होतं. पुढे थट्टा गळून पडली आणि नाव तेवढं चिकटलं. त्यांना स्वतःला वाजवता काही येत नव्हतं. तरुणपणी वर्षभर व्हायोलिन घासून बघितलं, तेव्हा शेजाऱ्यांनी अक्षरशः हात जोडले आणि त्यांनीही फार ताणून धरलं नाही. पण ऐकण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. दोन ओळी ऐकल्या की वादक कोण, वय काय, त्या दिवशी त्याचं पोट बरं होतं की नाही, इथपर्यंत सांगत. निम्मं खरं निघे आणि उरलेलं निम्मं तपासायला कुणी जात नसे.

आठवड्यातून एकदा त्यांचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम असे. एकच रचना घ्यायची, तीन जणांनी वाजवलेली ऐकवायची आणि फरक उलगडून सांगायचा. त्यांची लाडकी रचना होती एक नऊ मिनिटांची, संथ, एकट्या व्हायोलिनची. तिच्या चौदा वादकांच्या चौदा फिती त्यांच्या फळीवर होत्या. त्यातले पहिले, ज्यांना सगळे नुसतं थोरले म्हणत आणि जे आता हयात नव्हते, ते ही रचना अशी सुरू करत की या माणसाला कुठेही पोचायची घाई नाही. थोरल्यांच्या शिष्या मोठ्या बाई. त्या तीच ओळ अशी वाजवत की घरात कुणीतरी रुसून बसलंय आणि त्या दाराबाहेरून हाका मारतायत. एक तरुण वादक तर सुराला इतका थरथरवायचा की कानसेन म्हणत, "याला आधी कुणीतरी स्वेटर द्या रे." रचनेच्या मध्यावर सूर पायरीपायरीने चढत जातात आणि मग सगळ्यात वरचा सूर येतो. तो कसा घेतला यावर कानसेनांची सगळी परीक्षा. थोरले तो फळीवरचा डबा काढावा इतक्या सहज घेत. मोठ्या बाई जीव मुठीत धरून घेत. स्वेटरवाला धापा टाकत पोचे. पण चौदाच्या चौदा जण एका गोष्टीत सारखे होते: चढताना वाटेत कुणी थांबत नसे.

या माणसाला एक मुलगी होती आणि ती व्हायोलिन वाजवायची. पोरीच्या नशिबाचे भोग, दुसरं काय म्हणायचं! बापाला सूर कळत नसता तर बिचारी सुखाने बेसूर वाजवत मोठी झाली असती. सातव्या वर्षी कानसेनांनी तिला छोटं व्हायोलिन आणून दिलं आणि रेडिओतून थोरल्यांच्या त्या रचनेची एक कॅसेट आणली. "यावरून शीक," म्हणाले. ती शिकली आणि चांगली शिकली. रोज संध्याकाळी ती वाजवायची आणि वाजवून झालं की बापाचं सुरू व्हायचं. "छान. पण मोठ्या बाई इथे काय करतात ते ऐक." "छान. पण थोरल्यांचा गज बघ कसा वळतो." बारा वर्षांत तिला नुसतं छान असं एकदाही मिळालं नाही.

त्यातून तिला एक खोड. चढत्या सुरांवरून वर जाताना, शेवटच्या सुराच्या अगदी आधी, ती थांबायची. फार नाही, अर्ध्या श्वासाएवढं. कानसेनांना ते खड्यासारखं लागायचं. "तालाला ढिली आहेस तू," ते म्हणायचे. "चौदा जणांत एकही थांबत नाही. तू कोण लागून गेलीस?"

"थोरले थांबतात, बाबा."

"थोरल्यांना मी तू जन्मायच्या आधीपासून ऐकतोय."

"माझ्या कॅसेटमध्ये थांबतात. तुम्ही एकदा ऐका ना."

त्यांनी ऐकली नाही. स्वतःच्या हाताने आणून दिलेल्या कॅसेटमध्ये ऐकायचं काय? उलट एके दिवशी ते तिला हाताला धरून तळघरात घेऊन गेले. पाच-सहा माणसं कामात होती, त्यांना त्यांनी थांबवून ठेवलं. थोरल्यांची मूळ फीत यंत्रावर चढवली आणि ती जागा आली तेव्हा बोट वर केलं. थोरले थांबले नाहीत. कानसेनांनी फीत मागे घेऊन पुन्हा लावली. तरीही थांबले नाहीत.

"दाखव. कुठे थांबले?"

"माझ्या कॅसेटमध्ये..." एवढंच ती म्हणाली.

"खोटं बोलायचंच असेल तर दुसरं काहीतरी बोल," बाप सगळ्यांदेखत म्हणाला. "सुरांच्या बाबतीत माझ्याशी खोटं बोलू नकोस."

ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती. महिन्याभरात ती घर सोडून गेली. व्हायोलिन नेलं, कॅसेट नेली, गरम कपडे मात्र राहिले. एक पत्र आलं: सुखरूप आहे, शोधू नका. त्यानंतर आठ वर्षं काही नाही. शोधायचं तेवढं शोधलं. पोलिसांकडे गेले, पेपरात फोटो दिले, वसतिगृहं पालथी घातली, गावोगावच्या संगीतशाळांचे उंबरठे झिजवले. कानसेन घरी तोंडाला कुलूप लावून बसत आणि त्यांची बायको दाराची कडी वाजली की हातातलं टाकून धावत जाई. ती त्यांना कधी टाकून बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटे.

आणि मग या वर्षीची निवड आली. रेडिओवर दरवर्षी नव्या वादकांची निवड व्हायची. प्रत्येकाने तीच नऊ मिनिटांची रचना वाजवून पाठवायची, सीडीवर फक्त क्रमांक, नाव बंद पाकिटात, पाकिटं विभागप्रमुखांच्या, म्हणजे साहेबांच्या कपाटात. आजवर नामांकित गुरूचं शिफारसपत्र लागायचं. या वर्षी साहेबांनी ती अट काढून टाकली होती. चाळीस सीडी आल्या. सगळ्या आधी ऐकून आवाज तपासणं आणि मग परीक्षकांपुढे लावणं, हे कानसेनांचं काम.

एकोणिसावी सीडी लावली आणि ते चहा ढवळत बसले. सूर चढू लागले. शेवटच्या सुराआधी वादक थांबला. अर्धा श्वास.

चमचा हातातच राहिला. त्यांनी सीडी मागे घेतली, पुन्हा ऐकली, सात वेळा ऐकली. तीच जागा, तेवढाच वेळ. गज जरा वेगळा वाटत होता, पण आठ वर्षांत गज बदलतो. सूर जास्त पिकला होता. बदललाच पाहिजे, सत्तावीस वर्षांची झाली ती आता. त्यांच्या कानाला जे जे जुळत नव्हतं त्याला त्यांच्या मनाने कारण शोधून दिलं. उरलेल्या एकवीस सीडी त्या दिवशी त्यांनी नुसत्या यंत्रात घातल्या आणि काढल्या. ज्याच्या कानावर सगळ्यांचा भरवसा, त्याला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही.

घरी जाऊन त्यांनी बायकोला एकोणीस नंबर ऐकवला. ती स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि ऐकत उभी राहिली.

"मला सगळे सारखेच वाटतात हो. तुम्हीच सांगा."

"तीच आहे."

"नक्की?"

"हा थांबा जगात दुसरं कुणी घेत नाही."

"तुमचा कान चुकत नाही," ती म्हणाली. हे वाक्य ती लग्न झाल्यापासून ऐकत आणि सांगत आली होती. आता तिने आपला सगळा जीव त्याच्यावर टाकला. दुसऱ्या दिवसापासून तिने लेकीची खोली काढायला घेतली. गादीला ऊन दाखवलं, पडदे शिवले, आणि आठ वर्षांपूर्वीचे गरम कपडे धुऊन, ते आता होणार नाहीत म्हणून रडली.

कानसेन साहेबांकडे गेले. एकोणीस नंबरचं नाव काय, एवढंच विचारलं. साहेब म्हणाले, "तुम्ही? नियम तुम्हीच तर आम्हाला शिकवलेत." मग एकच वाट उरली. निवड झालेल्यांनाच बोलावणं जायचं. म्हणजे एकोणीस नंबर निवडला गेलाच पाहिजे.

पण परीक्षकांना तो थांबा खटकला. तिघांपैकी दोघे म्हणाले, हात गोड आहे, पण ऐन जागी अडखळतो. काढा बाजूला. कानसेन कोपऱ्यात यंत्रापाशी बसले होते. विचारल्याशिवाय बोलायचा त्यांचा अधिकार नव्हता. ते उठून उभे राहिले.

"ते अडखळणं नाही," ते म्हणाले. "थोरले तिथे थांबत."

"फितीत तर नाही थांबलेले."

"फितीत नाही. घरगुती बैठकीत थांबत. मी या कानांनी ऐकलंय."

धादांत खोटं! थोरल्यांच्या घरगुती बैठकीला हे कधी गेलेच नव्हते. पण कानसेन म्हणतात म्हटल्यावर परीक्षकांनी माना डोलावल्या. एकाने तर, म्हणूनच मला ओळखीचं वाटत होतं, असंही म्हणून घेतलं. एकोणीस नंबर वर गेला. जे वाक्य बोलली म्हणून पोरीला चारचौघांत खोटं ठरवलं, तेच वाक्य आपण आता बोललो, हे कानसेनांना जिन्यात कळलं. ती येईल तेव्हा पहिल्यांदा हेच सांगायचं, असं त्यांनी ठरवलं.

बोलावणं मंगळवारी सकाळी अकराचं होतं. दोघं नवराबायको दहालाच आले. बायको ध्वनिमुद्रणाच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसली. मांडीवर डबा, अंगावर ठेवणीतले कपडे. कानसेन काचेपलीकडे यंत्रापाशी. आपण काचेतून बघायचं नाही, आधी ऐकायचं, असा कसला तरी हट्ट त्यांनी धरला होता. ते पाठ करून बसले. मागे दार उघडलं, खुर्ची सरकली, तारा जुळल्या. रचना सुरू झाली. ती जागा आली, वाजवणारी अर्धा श्वास थांबली, वरचा सूर लागला आणि कानसेनांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते वळले.

काचेपलीकडे एक विशीतली, उंच, सावळी मुलगी होती. त्यांनी जन्मात कधी न पाहिलेली.

बाहेरच्या बाकावर बायकोला हे दहा मिनिटं आधीच कळलं होतं. मुलगी तिच्यासमोरून आत गेली होती. तरी ती उठली नाही. दुसरी कुणी मागून येईल म्हणून जिन्याकडे बघत राहिली.

कानसेनांनी स्वतःला सावरलं, कारण अजून एक आशा होती. वाजवणं संपल्यावर ते आत गेले. "बाळ, ही जागा तुला कुणी शिकवली?" त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू येईना. "तुझ्या शिक्षिका कोण? सत्तावीस-अठ्ठावीसच्या असतील. उजव्या भुवईवर बारीक व्रण..."

"मला शिक्षिका नव्हत्या, काका. आमच्या गावात व्हायोलिनचं कुणीच नव्हतं. शाळेत थोरल्यांची कॅसेट होती, त्यावरून आम्ही सगळे शिकलो."

"कुठली कॅसेट?"

"तुमचीच, रेडिओची. शाळांना वाटलेली. त्यात थोरले थांबतात ना तिथे. आमच्याकडे सगळेच थांबतात." मग घाबरून म्हणाली, "का? चुकलं का काही?"

कानसेन तळघरात गेले. शाळांसाठी म्हणून थोरल्यांच्या मूळ फितीवरून एक नक्कल केलेली होती. ती सगळ्यात खालच्या फळीवर, पोरांसाठीची म्हणून कधीच न काढलेली. त्यांनी ती यंत्रावर चढवली. सूर चढले. थोरले थांबले. अर्धा श्वास, आणि मग वरचा सूर.

त्यांनी यंत्र बंद केलं आणि फीत हाताने, बोटाबोटाने मागे घेतली. तपकिरी फितीच्या मधोमध चार बोटं लांबीचा पांढरा तुकडा जोडलेला होता. पांढरी फीत म्हणजे कोरी. तिच्यावर आवाज नसतो. जोड तिरपा होता, ब्लेडने कापलेला, चिकटपट्टी कडेने दुमडलेली. असा जोड या इमारतीत एकच माणूस देत असे. त्यांना सगळं आठवलं. पंचवीस वर्षं झाली होती. नक्कल प्रक्षेपणाला लावायच्या दहा मिनिटं आधी तुटली, टोकं चुरगळली. थेट जोडलं तर वरच्या सुराचं तोंड कापलं जाईल, म्हणून मध्ये कोरा तुकडा घातला. उद्या नवीन नक्कल करू, म्हणाले. तो उद्या कधी आला नाही. पुढे याच नकलेवरून शेकड्यांनी कॅसेटी निघाल्या, दुप्पट वेगाने, आवाज बंद ठेवून. त्यातलीच एक त्यांनी घरी नेली होती.

म्हणजे पोर खरं बोलत होती. तिच्या कॅसेटमध्ये थोरले थांबत होते. थांबवलं होतं बापाने.

मग त्यांनी वेड्यासारख्या त्या एकवीस सीडी काढल्या आणि ती जागा तेवढी ऐकत गेले. तेवीस नंबर थांबला. एकतीस थांबला. अडतीस थांबला. तिघांनाही परीक्षकांनी पहिल्याच दिवशी, तालाला ढिले, म्हणून काढून टाकलं होतं. तेव्हाही कानसेन यंत्रापाशीच होते, पण त्यांच्या कानात एकोणीस नंबरच वाजत होता. त्यातली एखादी तीच असेल का? कानसेनांनी पुन्हा पुन्हा ऐकलं. त्यांना काहीही सांगता येईना. आयुष्यभर ज्या कानाच्या जोरावर मिरवले, त्याला पोटची पोर ओळखता येईना. कारण तिचं असं जे एकच त्याने लक्षात ठेवलं होतं, ते तिचं नव्हतंच. ते बापाचं होतं. तिचा सूर कसा होता, गज कसा वळायचा, काय गोड होतं तिच्या हातात, यातलं काहीही या माणसाने साठवलं नव्हतं. चौदा लोकांचं मात्र तोंडपाठ होतं.

बायको बाहेर बाकावरच होती. त्यांनी तिच्याशेजारी बसून सगळं सांगितलं. कॅसेट, पांढरा तुकडा, परीक्षकांपुढचं खोटं. काही लपवलं नाही. ती ऐकत राहिली.

"म्हणजे ती खोटं बोलली नव्हती," ती शेवटी म्हणाली.

"नाही."

"मला ती म्हणाली होती, आई, तू तरी ऐक. मी म्हटलं, मला काय कळतंय त्यातलं, बाबांचा कान चुकत नाही." तिने डबा घट्ट धरला. "आता कसं शोधायचं हो तिला?"



तीन दिवसांनी त्यांचा कार्यक्रम होता. तो थेट जायचा. त्यांनी कुणाला विचारलं नाही, कारण कुणी हो म्हटलं नसतं. थोरल्यांची मूळ फीत लावली, नंतर नक्कल लावली, आणि मग काय घडलं होतं ते साध्या शब्दांत सांगितलं. एका मुलीने हा थांबा बरोबर ऐकला होता, ते म्हणाले. मी तिला खोटी म्हणालो. खोटा मी आहे. ती वाजवत असेल तर तिने तसंच वाजवावं, सोडून दिलं असेल तर पुन्हा हातात घ्यावं. मी तिची कुणाशी तुलना करणार नाही. तिने घरी यायची गरज नाही, पण जिवंत आहे एवढं कळवावं. तिची आई दाराशी असते.

साहेबांनी दुसऱ्या दिवशी झाप झाप झापलं. पंचवीस वर्षांची संस्थेची अब्रू तुम्ही अर्ध्या तासात चव्हाट्यावर मांडलीत, म्हणाले. एकोणीस नंबरच्या मुलीची निवड पुन्हा परीक्षकांपुढे गेली आणि टिकली, एवढं एक बरं झालं. कानसेन खाली मान घालून सगळं ऐकत होते. त्यांचं लक्ष टपालाच्या वेळेकडे होतं.

टपाल आलं. पहिल्या आठवड्यात अकरा पत्रं, दुसऱ्यात सव्वीस, मग रोज दोन-तीन. कुठल्या कुठल्या गावांतून. मी पण थांबतो, मला वाटायचं थोरल्यांचा श्वास अडकला असेल. आम्ही तिघी बहिणी तसंच वाजवतो आणि चूक असली तरी आता सोडणार नाही. माझ्या वडिलांनी या थांब्यासाठी माझा गज मोडला होता, आज त्यांना तुमचा कार्यक्रम ऐकवला. कानसेन रात्रीचं जेवण होईपर्यंत एकेक वाचत आणि प्रत्येकाला उत्तर लिहीत.

त्यांची बायको मात्र ती पत्रं वाचत नाही. टपाल आलं की ती आधी ताब्यात घेते, जेवणाच्या टेबलावर बसते आणि पाकिटावरचं अक्षर बघून एकेक पाकीट डाव्या हाताला ठेवते. आता तिथे साठ-सत्तर पाकिटांचा ढीग झालाय आणि तो अधूनमधून घसरतो. कानसेन तो सरळ करायला गेले आणि थोडी पाकिटं उजवीकडे ठेवू लागले, तर तिने त्यांचा हात धरला.

"तिकडे नको," ती म्हणाली. "ती बाजू तिची आहे."